इनेकेच्या बाजूचा साक्षीदार

भिंतीवर लाल चौकट उमटली. चौकटीतलं वाक्य माझं होतं. डचमध्ये, शब्दकोश घेऊन लिहिलेलं, दोनदा तपासलेलं: ‘कोस हे अधिकारी समलिंगी जोडप्यांची लग्नं लावत नाहीत. कृपया दुसरा अधिकारी निवडा.’

कीबोर्डवर ॲनेलिस होती. कोस तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. आणि स्क्रीनवर ज्या जोडप्याची नावं होती, त्यात पहिलं नाव ॲनेलिसचंच होतं.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण चूक माझी होती.

मी तेव्हा आर्नहेमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. पुण्याहून येऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या एका लहान गावची खेमेंते, इथली नगरपालिका. इथे कायद्याचं लग्न खेमेंतेच लावते. जोडपं तारीख निवडतं, हॉल निवडतं आणि लग्न लावणारा अधिकारीही निवडतं. हे अधिकारी बहुधा गावातलेच मानाचे लोक असतात. ते छोटं भाषण करतात, ‘कबूल आहे’ म्हणवून घेतात, सह्या घेतात. भटजी आणि रजिस्ट्रार एकाच माणसात, असं समजा. या सगळ्याचं बुकिंग वहीतून कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडे होतं.

दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करता यावं, हा कायदा इथे २००१ सालीच लागू झाला. संसदेतला वाद संपला, पण गावागावात त्याचं शेपूट शिल्लक होतं. एखाद्या जुन्या अधिकाऱ्याच्या श्रद्धेला असं लग्न लावणं पटत नसेल, तर त्याला सूट द्यायची की नाही?

त्या गावच्या नगरपालिकेच्या सभेत यावर तीन बैठका झाल्या. माझा बॉस विम म्हणाला, “तू प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बस. तिथे ठरेल ती आपली रिक्वायरमेंट.”

रिक्वायरमेंट म्हणजे गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं ते. ती एरवी ईमेलने येते. इथे ती हात वर करून मंजूर होत होती. पहिल्या बैठकीचा कल सूट देण्याकडे होता. दुसऱ्या बैठकीत एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “खुर्ची सगळ्या गावाची आहे, तर लग्नंही सगळ्या गावाची लावा.” समोरचे गृहस्थ म्हणाले, “कायद्याने त्यांना लग्नाचा हक्क दिला. माझ्या मनावर नाही दिला.” आवाज कुणी चढवला नाही. मध्ये कॉफी झाली, तेव्हा हे दोघं एकाच टेबलाशी उभे होते. मी आ वासून बघत होतो. तिसऱ्या बैठकीत तडजोड निघाली. जुन्या अधिकाऱ्यांना सूट, नव्यांना नाही. सूट घेणाऱ्यांची नावं गुप्त. आणि एकही जोडपं अधिकाऱ्यावाचून राहता कामा नये.

“काही प्रश्न?” विमने विचारलं.

“नाही. दोन दिवसांत करतो.”

आम्हा भारतीय कॉम्प्युटरवाल्यांची ही जुनी खोड. प्रश्न विचारला म्हणजे कळलं नाही असा अर्थ होतो, असं आम्ही कॉलेजपासून धरून चालतो. ‘नावं गुप्त’ याचा अर्थ मी लावला तो असा: यादीला पासवर्ड. सूट हवी असलेल्या चार अधिकाऱ्यांनी बंद लिफाफ्यात चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्या मी स्वतः सिस्टीममध्ये भरल्या, पासवर्ड लावला आणि झोपलो. पण पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. एरर मेसेज अर्धवट नको, माणसाला कारण कळलं पाहिजे. म्हणून मी कारण लिहिलं. चांगलं सविस्तर.

मग चाचणीचा दिवस आला. गिऱ्हाईक स्वतः सॉफ्टवेअर वापरून बघतं, ती शेवटची चाचणी. ॲनेलिस लग्नाच्या काउंटरची प्रमुख. चाळिशीची, मोकळी बाई. माझं डच जे काही आहे ते तिच्यामुळे. चुकलं की तोंडावर सांगायची, आणि बरोबर आलं की तेही. घरच्या गोष्टी निघाल्या की ‘माझा जोडीदार’ या अर्थाचं ‘पार्टनर’ म्हणायची. मी मनातल्या मनात एक उंच डच नवरा उभा करून ठेवला होता. विचारलं कधीच नाही.

कोस अधिकाऱ्यांच्या वतीने आले होते. गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. इथे प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला ‘मेस्टर’ म्हणतात, आपल्या मास्तरांसारखंच. ॲनेलिसला वाचायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांची चिठ्ठी त्या चारांतली एक होती, हे मला ठाऊक होतं. बाकी काहीच ठाऊक नव्हतं.

ॲनेलिस काहीतरी खोटी नावं टाईप करायला लागली, तेव्हा मी शहाणपणा केला. “खरा डेटा घे. खरी चूक खऱ्या डेटातच सापडते.”

“मग माझंच घेते,” ती हसत म्हणाली. “सप्टेंबरात लग्न आहेच. मेस्टर, तुम्हाला विचारायचंच होतं.”

तिने स्वतःचं नाव टाकलं. खाली जोडीदार: इनेके, स्त्री. अधिकारी: कोस. आणि बटण दाबलं.

लाल चौकट भिंतीवर हातभर रुंद दिसत होती. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा वाजत होता. मला वायर उपटावीशी वाटली.

“मेस्टर,” ॲनेलिस म्हणाली, “मला आधी सांगायचं होतंत.”

“चिठ्ठी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कुणीच नव्हतं, ॲनेलिस.”

“आता आहे ना?”

“आता आहे.” म्हातारा चष्मा पुसत राहिला. “तरी मला जमणार नाही.”

“माहीत असतं तर विचारलंच नसतं. निदान इतक्या लोकांत.”

तिने चाचणीचा कागद ओढला, निकालाच्या रकान्यात दोन वाक्यं लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘मेसेज बरोबर आहे. मेसेज नको.’ मग ती उठून काउंटरवर गेली. रांगेत लोक उभे होते.

परतताना गाडीत विमने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, “तुझा कोड अगदी ठरल्यासारखा चालला.”

“हो.”

“तेच तर वाईट झालं. आता काय करणार?”

“कोड नंतर. आधी माफी मागतो.”

“फुलं ने. ट्युलिप नको, ती टुरिस्टना विकायला असतात.”

दुसऱ्या दिवशी मी सूर्यफुलं घेऊन काउंटरशी उभा राहिलो. माफी मागितली आणि आण्णांची गोष्ट सांगितली.

माझे वडील विवाह नोंदणीच्या कार्यालयात शिपाई होते. आपल्याकडे रजिस्टर लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते आणि ती तीस दिवस बोर्डावर लागते. वेगळ्या जातीतली पोरं यायची आणि त्या बोर्डाकडे बघून त्यांचे चेहरे उतरायचे. कुणी नातेवाईक वाचेल, कुणी निरोप पोचवेल. एका मुलीला तिच्या भावांनी कार्यालयाच्या व्हरांड्यातून ओढून नेलेलं आण्णांनी पाहिलं होतं. त्यानंतर ते नोटीस लावायचे, कायदाच होता, पण सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, जिथे वाचायला उकिडवं बसावं लागेल. साक्षीदार कमी पडला की साहेबांना विचारून स्वतः सही करायचे. चौथी शिकलेला माणूस, पण सही ठसठशीत.

“त्या माणसाचा मुलगा मी,” मी म्हणालो, “आणि मी तुझी नोटीस प्रोजेक्टरने भिंतीवर लावली.”

ॲनेलिस फुलं बाजूला ठेवून ऐकत होती. “किती जणांचे साक्षीदार झाले ते?”

“मोजले नाहीत त्यांनी.”

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. “इथे निदान दोन साक्षीदार लागतात. माझ्याकडून माझा भाऊ आहे. इनेकेच्या घरचं कुणी येणार नाही. तिच्या आईने पत्रिका न उघडता परत पाठवली. मैत्रिणी आहेत, पण ती म्हणते, मैत्रिणींना उभं केलं की सगळ्यांना कळतं घरचे आले नाहीत.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू उभा राहशील?”

“मी तिला ओळखतही नाही.”

“तुझे वडील ओळखायचे?”

“राहतो,” मी म्हणालो.

कोड बदलायला बसण्याआधी मी विमला अकरा प्रश्न विचारले. “तुला बरं नाही का?” तो म्हणाला. बदल मात्र साधा निघाला. आता जोडपं आधी तारीख देतं आणि त्यांचं लग्न जे लावतील तेवढेच अधिकारी सिस्टीम त्यांना दाखवते. जो दिसत नाही तो सुट्टीवर असेल, आजारी असेल, दुसऱ्या लग्नात असेल. का दिसत नाही, हे कुठेही लिहिलेलं नाही. सभेने तीन बैठका घेऊन हेच तर सांगितलं होतं. मी फक्त शब्द ऐकले होते.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी लग्न झालं. एका निवृत्त नर्सने लावलं, आणि छान लावलं. कोस आले होते. ॲनेलिसने बोलावलं होतं. बायकोसह तिसऱ्या रांगेत बसले आणि दोघी आत आल्या तेव्हा इतरांबरोबर उभे राहिले. त्यापुढे त्यांना जमणार नव्हतं, आणि तिने मागितलंही नाही.

इनेकेने दाराकडे दोनदा पाहिलं. मग माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुढे गेलो आणि मराठीत सही केली. पूर्ण नाव, मधलं आण्णांचं. परत वळताना इनेकेने माझा हात धरला आणि डचमध्ये काहीतरी पुटपुटली. कळलं नाही, आणि ॲनेलिसनेही या वेळी समजावून दिलं नाही.

रविवारी आण्णांना फोन केला.

“साक्षीदार? पळून आलेली पोरं होती का रे?”

“चाळिशीच्या बायका, आण्णा. दोघी.”

“नवरे कोण?”

“नवरे नाहीत. दोघींचंच लग्न, एकमेकींशी.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“तिथल्या कायद्यात बसतं?”

“बसतं.”

“घरचे आले होते?”

“एकीचे आले. दुसरीचे नाही.”

“आणि तू कुणाच्या बाजूला?”

“दुसरीच्या.”

“हां.” मग खाकरून म्हणाले, “सही वाचता येईल अशी केलीस ना? पुढेमागे लागते.”

या कामाने मला परक्या देशात एक बाजू दिली, त्याबद्दल मी त्या दोघींचा आणि आण्णांचा ऋणी आहे. धंद्यापुरता धडा मात्र छोटा आहे. एरर मेसेज लिहिला की आता मी तो मोठ्याने वाचतो. ज्याच्याबद्दल आहे तो आणि ज्याला दिसणार आहे तो, दोघं शेजारी बसलेत असं समजून. तसा वाचणं जमलं नाही, तर खोडून एवढंच लिहितो: ‘कृपया दुसरा पर्याय निवडा.’