खुर्चीचा चौथा पाय

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकीवर. गेल्या शिमग्यात देवीची पालखी आमच्या वाडीत आली, त्या दुपारी, तिच्याच अंगणात. मुंबईच्या तिच्या मुलाला सुट्टी मिळाली नाही, सूनही आली नाही, म्हणून पालखी दारात टेकल्यावर देवीची ओटी काकीने स्वतः भरली. काकी विधवा आहे. एवढाच तिचा गुन्हा. संध्याकाळी देवळात गावकी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांची बैठक, बसली आणि ठरलं की देवीपुढे नारळ ठेवून चूक कबूल करेपर्यंत तिच्या घरी कोणी जायचं नाही, तिला द्यायचं नाही, तिच्याकडून घ्यायचं नाही. जो जाईल त्याचंही घर वाळीत. काकी म्हणाली, देवीने माझी ओटी खाली पाडली नाय, मग तुम्ही कोण?

मी देवरूखला शिकते आणि पत्रकं वाटते. वाळीत टाकणं हा कायद्याने गुन्हा आहे, असं छापलेला कागद मी एसटी स्टँडवर कितीतरी अनोळखी हातांत कोंबलाय. पण घरी आले की पडवीत आवाज खाली घ्यायचे. आणि त्याला कारण बाबा होते.

बाबांना दमा आहे. आमचं घर वाडीत सगळ्यात खाली. रस्ता वर, आणि मधे चिऱ्यांची उभी पाखाडी. पावसाळ्यात तिच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. बाबांना अटॅक आला की त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, वाडीतल्या चौघांनी एकेक पाय धरायचा आणि वर रिक्षापर्यंत न्यायचं. आईच्या एका हाकेला माणसं ताटावरून उठून यायची. आम्ही वाळीत पडलो तर खुर्ची कोण उचलणार, हे घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. बाबा नुसते खोकले तरी आई हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायची. मीही बघायचे.

रात्री परसदारी गाठून मी काकीला म्हटलं, पोलिसात जाऊ. तिने मलाच झापलं. ज्यांची नावं तू लिहिणार, त्यांच्यातल्या अर्ध्यांना मी न्हाऊमाखू घातलंय, म्हणाली. तिच्या तक्रारीशिवाय मी काय करणार होते? मी पत्रकंच वाटत राहिले.

मग लावणी आली. आमच्याकडे भात एका घराच्या हातांनी लागत नाही; आज सगळी वाडी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. काकीच्या खाचरात कोणीच गेलं नाही. ती एकटी वाकून दिवसभरात बांधाकडेची पट्टी तेवढी लावायची. तिचा तरवा, म्हणजे लावायची रोपं, जून व्हायला लागला. जून तरव्याला दाणा धरत नाही, आणि वर्षभराचा तांदूळ त्याच खाचरातून येतो. सगळी वाडी येता-जाता ते बघत होती.

आमची लावणी संपत आली तेव्हा एका खाचराला तरवा कमी पडला. वरच्या घरातल्या आईच्या जाऊबाई म्हणाल्या, आमच्याकडून न्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली, बाबांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तिच्याकडे तरवा मागायला चाललंय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्यात ज्याचा तरवा घ्यायचा, त्याच्या खाचरात लावणी करून ते फेडायचं, हा नियम गावकीपेक्षा जुना आहे. आई मदत द्यायला जात नव्हती. ती मागायला जात होती, म्हणजे काकीला मिंधं वाटायला नको.

बाबांनी एक श्वास पुरा घेतला. मग म्हणाले, "जा. माझं मी बघतो." काय बघणार होते ते? तिघांनाही ठाऊक होतं.

मी आईच्या मागून गेले. आम्ही काकीच्या खाचरात उतरलो तशी आजूबाजूच्या बांधांवरची बोलणी थांबली. काकी आईला म्हणाली, "गो, मागं जा. तुझ्या घरात आजारी माणूस हाय." आईने तरव्याची जुडी उचलली आणि वाकली. थोड्या वेळाने गावकीचे प्रमुख, गावकर, आले आणि छत्री धरून बांधावर उभे राहिले. त्यांनी आईला शांतपणे विचारलं, वहिनी, रस्ता चुकलात काय? आई वाकलेलीच राहिली. "तरवा घेतलाय भावजी. फेडायला नको?" ते हसले. म्हणाले, फेडा, फेडा. बाकीचं आम्ही बघतो.

लावणी पुरी झाली. आमचं ठरवायला गावकी अजून बसायची होती. ती बसण्याआधीच, एका पावसाळी सकाळी, बाबांचे ओठ निळे पडले. आईने हाक मारली. पुन्हा मारली. पागोळ्यांचा आवाज येत होता, माणूस येत नव्हतं. आली ती काकी, पदर खोचून.

आम्ही तिघींनी तीन पाय धरले. मागचा उजवा पाय मोकळा होता. खुर्ची त्या बाजूला कलत होती आणि बाबा दोन्ही हातांनी माझ्या खांद्याला धरून होते. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना दारं अर्धी उघडी होती. नेहमी तोच पाय धरणारा तरुण चपला घालून आपल्या उंबऱ्यात उभा होता. मागून कोणीतरी त्याचा शर्ट धरला होता. काकीचा पाय शेवाळावरून घसरला, तिचा गुडघा चिऱ्यावर आपटला, पण तिने खुर्ची सोडली नाही. त्याने हे सगळं बघितलं.

बाबा वाचले. घरी आलेत. पाऊस अजून बाकी आहे, आणि ते खोकले की मी आता आईकडे नाही, पाखाडीकडे बघते.

तुमच्याही वाडीत असं एक घर आहे, आणि कुठलं ते तुम्हाला माहीत आहे. मुंबईत गावच्या मंडळात बसून वाळीत टाकायच्या ठरावाला मान डोलावली असेल तर जास्तच चांगलं माहीत आहे. मला तुमची हळहळ नको. भर दिवसा, सगळे बघत असताना, त्या घरी जा आणि प्यायला पाणी मागा. आणि चपला घालून उंबऱ्यात उभे असाल, तर शर्ट सोडवून घ्या. चौथा पाय येऊन धरा.