दौलतचा बदली

प्रफुल्लचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, असं मी घरात बजावून ठेवलंय. आता तुम्ही काढलंतच, तर बसा आणि ऐकून घ्या. मी सुभद्रा, दौलतची मोठी बहीण. परळला माझं पोळीभाजी केंद्र आहे. दिवसभर तव्यापुढे उभी असते, त्यामुळे बोलणं जरा तिखट निघतं. गोड ऐकायचं असेल तर माझ्या भावाकडे जा. तो कोणाला काही बोलत नाही, तीच तर सगळी बोंब आहे.

दौलत पन्नाशी ओलांडलेला. भोईवाड्यात, ज्या खोलीत आम्ही जन्मलो त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तो आणि आई राहतात. लग्न केलं नाही. दिवसा एका कुरिअरवाल्याकडे नोकरी आणि संध्याकाळी प्रफुल्लच्या ऑर्केस्ट्रात गिटार. हळदी, बारशी, पूजा, सोसायट्यांचे कार्यक्रम. वीसेक वर्षं. ऑर्केस्ट्रातले गायक बदलले, ढोलकीवाले बदलले, प्रफुल्लची गाडीसुद्धा तीनदा बदलली. गिटारच्या जागी मात्र आमचा दौलत, काळा शर्ट घालून, मान खाली.

मान खाली कशाला, तर पायाकडे बघायला. आधी त्याच्याकडे एक प्लायवूडची फळी होती. तिच्यावर सात-आठ डब्या चिकटवलेल्या. एका डबीने गिटारचा आवाज फाटायचा, एकीने घुमायचा, एकीने मागे पडसाद उठायचे. गाणं बदललं की हा पायाने दोन बंद करणार, तीन चालू करणार, तेवढ्यात गाणं निम्मं संपलेलं. हळदीत नवरदेवाचा मामा नाचता नाचता वायरीवर पाय द्यायचा आणि गिटार ठप्प. मग दौलत स्टेजवर ओणवा होऊन वायरी चाचपतोय आणि लोक हसतायत.

म्हणून त्याने ते मशीन घेतलं. मल्टी-इफेक्ट्स म्हणतात. जेवायच्या पाटापेक्षा जरा लहान, वर ओळीने बटणं, उजवीकडे पायाने दाबायचं पेडल. फळीवरच्या सगळ्या डब्या त्याच्या पोटात. एक बटण दाबलं की चार गोष्टी एकदम बदलतात. प्रत्येक गाण्याचा आवाज आधीच तयार करून आत साठवायचा, त्याला पॅच म्हणायचं. मी म्हटलं, चला, सुटला एकदाचा. आता तरी घरी चार घास नीट खाईल.

कसलं काय! घरी हेडफोन लावून बनवलेला पॅच स्टेजवर गेला की एक तर ढोलकीखाली गडप व्हायचा, नाही तर लोकांच्या कानात सुईसारखा घुसायचा. म्हणून हा साउंडवाल्याच्या आधी मैदानात हजर. लांब वायर लावून समोर खुर्च्यांमध्ये उभा राहून वाजवायचा, परत येऊन गुडघ्यावर बसून बटण पिळायचा, परत खुर्च्यांमध्ये. एका आवाजातून दुसऱ्यात जाताना मध्ये क्षणभर खड्डा पडायचा म्हणे. मला तर कधी ऐकू आला नाही. पण त्या खड्ड्यापायी याने माझ्या हातच्या कोलंबीच्या आमटीला नाही म्हटलंय. अख्खं वर्ष घातलं त्याने, तेव्हा कुठे ते मशीन त्याच्या मनासारखं बोलायला लागलं. मग मात्र वाजवायला लागला की लोक मोबाईल बाजूला ठेवून ऐकायचे. हे मी बहीण म्हणून सांगत नाही.

आणि तो बाकी कुठेही वाजवो, त्याचा खरा कार्यक्रम एकच. सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा असते आणि संध्याकाळी पटांगणात प्रफुल्लचा ऑर्केस्ट्रा. मध्यंतरानंतर दौलत एकटा एक अभंग वाजवतो. गाणारं कोणी नाही, फक्त गिटार. तो आईसाठी. आमची आई, राधाबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणात आहे, डोळ्यांनीही धड दिसत नाही. पण त्या दिवशी सकाळपासून तिची घाई. केस विंचर, नवं पातळ नेसव, खाट खिडकीला लाव. लेकाचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवणार, "आज माज्या झिलाचो प्रोग्राम आसा." वर्षभर ती त्या एका संध्याकाळसाठी जगते असं म्हटलं तर लोकांना अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे.

आता त्या बदलीचं सांगते. आमचे वडील मिलमध्ये आधी बदली कामगार होते. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी पर्मनंट माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाही तर घरी परत. ज्या दिवशी ते पर्मनंट झाले, त्या दिवशी आईने अख्ख्या मजल्याला शिरा वाटला होता. त्यामुळे आमच्या घरात एक समजूत पक्की. पर्मनंट तो, ज्याच्या जागी बदली ठेवावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात प्रफुल्ल दौलतला म्हणाला, "दादा, तुम्हाला एक बदली तयार करू या. उद्या तुम्हाला ताप आला तर शो बोंबलायला नको." झालं! माझा येडा भाऊ पेढे घेऊन घरी आला. आईला म्हणाला, "आये, मला बदली ठेवतायत." आईने पेढा देवापुढे ठेवला. दोघं अशी खूश, की मीही गप्प बसले. तेव्हा बोलले असते तरी कोणी ऐकलं असतं म्हणा!

बदली म्हणजे दीपेश. शिवडीचा, पंचविशीतला, दाढी कोरलेली, केस मागे बांधलेले. त्याच्याकडे अगदी तसंच मशीन. दौलतने आपले सगळे पॅच पेनड्राइव्हवर घालून त्याला दिले. या लाइनीत ते चालतंच. कीबोर्डवाले एकमेकांना आपले ठेके देतात, ऑक्टोपॅडवाले देतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण दौलत तेवढ्यावर थांबला नाही. पोराला खोलीवर बोलवायचा, समोर बसवून शिकवायचा. कुठल्या ओळीला पेडल किती दाबायचं, अभंगात पडसाद कुठे वाढवायचा, कुठे हात काढून घ्यायचा. मी डबा द्यायला गेले की दोघांची डोकी त्या मशीनवर. दीपेश मला वाकून नमस्कार करायचा. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

जानेवारी लागला आणि प्रफुल्लचा फोन आला. घरी यायची हिंमत झाली नाही मेल्याची. मी तिथेच होते, दौलतने फोन स्पीकरवर टाकलेला. "दादा, यंदापासून तुम्ही आराम करा. हल्ली लोक सगळे व्हिडिओ टाकतात, स्टेजवर जरा फ्रेश चेहरे लागतात. आणि साउंडचं टेन्शन घेऊ नका, तुमचे पॅच आहेतच दीपेशकडे."

दौलत काय म्हणाला माहितीय? "बरं," म्हणाला. फक्त बरं! मी फोन हिसकावून घेतला तोवर प्रफुल्लने ठेवलेला.

"पूजेचं काय?" मी विचारलं. "आई?"

"आईला सांगायचं नाही," तो म्हणाला.

मी भांडले. म्हटलं, लाज त्या प्रफुल्लला वाटायला पाहिजे, तुला कशाला? तर म्हणाला, "ताई, ती विचारेल, काय चुकलं तुझं? काही चुकलं असतं तर सांगितलं असतं. काहीच चुकलं नाही, हे तिला कसं सांगू?"

सव्वीस तारखेला त्याने काळा शर्ट घातला. गिटार खांद्याला लावली, मशीनची बॅग उचलली, आईच्या पाया पडला. "येतो, आये." आणि खाली जाऊन मंडपामागे, प्रसादाचा शिरा द्रोणात भरत होते तिथे एका स्टुलावर जाऊन बसला. अख्ख्या चाळीने बघितलं. मंडळाच्या एका पोराने त्याला चहा आणून दिला, तो त्याने तसाच पायाशी ठेवला. दीपेश स्टेजवर जायच्या आधी येऊन पाया पडला. "सर, आशीर्वाद द्या," म्हणाला. याने दिला. हे मला नंतर शेजारच्या वैदेहीने सांगितलं, कारण मी वर आईपाशी होते.

मध्यंतर झालं. प्रफुल्लने माइकवरून काहीतरी बडबड केली, शिट्ट्यांमध्ये वरपर्यंत नीट आलं नाही. देवाची कृपा म्हणा, नाही तर आईला दीपेशचं नाव ऐकू आलं असतं. मग अभंग सुरू झाला.

पहिल्याच ओळीला मी उठून उभी राहिले. तो दौलतचाच आवाज होता. तोच पडसाद, तसाच हळूहळू वाढणारा. मी खिडकीतून खाली वाकून बघितलं, खरंच हा तर नाही ना चढला स्टेजवर! दिव्यांत ती केस बांधलेली मान दिसली. मी खिडकी लावायला गेले तर आई खेकसली, "उघडी ठेव गो!" तिने डोळे मिटले होते आणि बोटं चादरीवर हलत होती. आणि खोटं कशाला बोलू, पोरगा चांगला वाजवत होता. फार चांगला. त्याचाच मला जास्त राग आला. वाईट वाजवलं असतं तर निदान शिव्या घालायला जागा होती. संपल्यावर पटांगणात टाळ्या थांबेनात. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

कार्यक्रम उरकल्यावर दौलत वर आला. गिटार कोपऱ्यात ठेवली, चप्पल काढली.

"झिला, हयसर ये," आई म्हणाली. तो खाटेवर बसला. तिने त्याचा हात चाचपून आपल्या दोन्ही हातांत घेतला. "यंदा काय वाजयलंस रे! दर वर्षी नुसता बडयतंस, कान किटतत. ह्या टायमाक हात मऊ लागलो तुझो. तुझ्या बापाशीक आवडला असता."

मी तोंड उघडलं. दौलतने माझ्याकडे बघून मान हलवली.

"खरंच बरं वाजलं, आये?"

"इतक्या वर्षांत असा कधी वाजयलंस नाय," आई म्हणाली. "आता फुडल्या वर्षी असाच वाजय."

"वाजवतो," दौलत म्हणाला.