गोदाआक्काचा दोर

गोदाआक्का सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी दोराला हात लावायची. अंगणातल्या आडाचा तो दोर ओसरीच्या खुंटीला वेटोळं करून टांगलेला असे. ती तो दोन्ही तळव्यांत धरून दाबून बघायची. कोरडा लागला की तिचा चेहरा सैल पडायचा. ओलसर लागला तर रात्रीतून कुणीतरी पाणी काढलं, हे नक्की. मग घरातल्या दोघींपैकी एकीची खैर नसे, आणि घरात आम्ही दोघीच होतो.

मी एकाहत्तरच्या जूनमध्ये त्या गावी मराठी शाळेवर शिक्षिका म्हणून गेले. पारनेर तालुक्यातलं खडकाळ माळावरचं गाव. वय बावीस, पहिली नोकरी, आणि नगर सोडून एक रात्रही बाहेर न काढलेली. वडिलांनी चार ठिकाणी चौकशी करून आक्काच्या घरातली पुढची खोली ठरवली. एकटी विधवा बाई, मुलगी सुरक्षित राहील, एवढाच त्यांचा विचार. ते टांग्यात बसून वळणाआड जातात न जातात तोच आक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाड्याचं काय ते तुमच्या वडलांनी ठरिवलंय. पान्याचं आपुन ठरवू. दिसाला एक कळशी. पाव्हणा आला तर त्येनं आपलं पानी घिऊन यावं."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नसे.

उंच, काटकुळी, पन्नाशी उलटलेली बाई. तिला बसलेली मी पाहिलीच नव्हती. मशेरी लावताना फेऱ्या, भाकरी खातानाही उंबऱ्यापासून आडापर्यंत आणि परत. तोंड धुवायची तेही घमेल्यावर वाकून, म्हणजे ते पाणी लिंबाच्या रोपाला जाई. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भांडी विसळलेलं कोंबड्यांना. बरं, बाकी बाबतीत ती चिकट होती म्हणावं तर तसंही नाही. ज्वारी मागायला कुणी आलं तर पायली मापून द्यायची आणि परत कधी देणार म्हणून विचारायचीही नाही. पाणी म्हटलं की मात्र तिचं तोंड बदलायचं. आईबापांनी नाव ठेवलं गोदावरी, आणि हिच्या हातून थेंब सुटत नाही, असं गावातल्या बाया म्हणायच्या. ते तिच्या कानावर होतं. "म्हनू द्या," ती म्हणायची, "म्हनून त्यांची घागर भरती का?"

असं का, ते तिनं मला एकदाच सांगितलं, तेही चालता चालता. तिच्या नवऱ्याची आणि दिराची वाटणी झाली तेव्हा विहीर दिराच्या वाट्याला गेली. यांच्या वाट्याला आलं घर आणि खडक. मग दोघा नवराबायकोनं मिळून हा आड खणला. तो सुरुंग लावायचा, ही दगडांची पाटी डोक्यावरून वर आणायची. तिला सातवा महिना चालू होता. दीर मधल्या भिंतीवरून बघायचा आणि हसायचा. पाणी लागलं त्याच आठवड्यात मूल पोटातच गेलं. पुढं दुसरं झालंच नाही, आणि काही वर्षांनी नवराही गेला.

"ह्या पान्यापायी म्या काय घातलंय ते मला म्हाईत," एवढं बोलून ती कोंबड्या कोंडायला निघून गेली. तिच्यावरचा माझा राग त्या दिवशी निम्मा झाला. निम्मा राहिला, हेही खरं.

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली. श्रावणात धूळ उडत होती. एकेक विहीर तळाला गेली, दिराची तर सगळ्यांत आधी. आक्काच्या आडाला मात्र खडकातून झरा होता आणि पुरुषभर पाणी टिकून होतं. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बाया दाराशी यायच्या. आक्का दाराची कडी काढायचीच नाही, आतून बोलायची. "आज दिलं तर उद्या काय डोळ्यातलं पिऊ?" सरपंच आले, त्यांनाही तेच. "सरपंच हायसा तर सरकारला मागा. माझ्याकडं कशापायी?" जातपात तिनं पाळली नाही, नाही म्हणताना तिला सगळे सारखे होते.

आणि मी? मी रोज माझी एक कळशी घेत होते. शाळेत मुलं फुटक्या ओठांनी पाढे म्हणायची आणि मी स्वच्छ धुतलेल्या लुगड्यात त्यांच्यासमोर उभी असायची. आक्काला काही बोलायची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर बोलले आणि माझीच कळशी बंद झाली तर, ही धास्ती होती. आज ते लिहितानाही लाज वाटते. तिची ती तगमग हळूहळू मलाही लागली. वही तपासता तपासता मी उठून आडात डोकावून यायची, पाणी आहे ना.

भाद्रपदात एका सकाळी दोर ओला लागला. कुणीतरी भिंत चढून आलं होतं. त्या दिवसापासून दोर खुंटीवरून गेला आणि पोहराही दिसेनासा झाला. सकाळी ती मला खोलीत जायला सांगायची, माझं दार बाहेरून ओढून घ्यायची, मग चाकाचा आवाज यायचा. मी बाहेर येईपर्यंत माझी कळशी भरलेली आणि दोर नाहीसा.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर असताना आक्काला हिवतापानं गाठलं. पहिल्या दिवशी माठात होतं ते पाणी तिला पाजलं. संध्याकाळपर्यंत माझी कळशीही संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तापानं फणफणलेली, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि "पानी, पानी" चाललेलं.

"आक्का, दोर कुठं ठेवलाय?"

"न्हाई सांगायची."

"अहो, तुमच्यासाठीच हवाय."

"समदे असंच म्हनत्यात," ती म्हणाली. तिनं मला ओळखलंच नव्हतं.

मी माळा धुंडाळला, गोठा पाहिला, चुलीमागं, सरपणात, सगळीकडे हात घातला. दहा पावलांवर आड, आत वाकलं की पाणी दिसतंय, आणि ज्या बाईनं ते जपलं ती तहानेनं तडफडते आहे. मला रडू फुटलं. तशीच धावत भिंतीपलीकडं पारूकडं गेले.

पारू म्हणजे आक्काची धाकटी जाऊ, त्याच दिराची बायको. दीर उसाच्या कामाला देवळाली प्रवरेकडं गेलेला. पारू दोन लेकरं सांभाळून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि त्याआधी भल्या पहाटे दीड कोस चालून ओढ्याला. ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून त्यात पाझरेल ते पाणी वाटीनं भरायचं. त्या खड्ड्याला झिरा म्हणत. चौदा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मी तिच्याकडं दोर मागितला.

"दोर हाय," पारू म्हणाली. "पन तिनं दिल्याबिगर त्या आडात म्या पोहरा सोडायची न्हाई. उद्या उठून चोर म्हनंल मला. चला, माझ्याकडलं हाय त्येच नेऊ."

पहाटे आणलेल्या कळशीतलं तांब्याभर गढूळ पाणी तिनं फडक्यानं गाळून घेतलं. आक्काच्या उशाला गोधडीची मोठी गुंडाळी होती, तीवर तिचं डोकं नीट टेकवून घोटघोट पाजलं. कपाळावर ओली घडी ठेवली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही. पुढच्या पहाटेही झिऱ्यावरून येऊन अर्धी कळशी आमच्या माठात ओतली.

त्याच्या पुढच्या सकाळी ताप उतरला. आक्कानं डोळे उघडले, मी दिलेलं पाणी तोंडात घेतलं आणि थांबली.

"हे आपलं पानी न्हवं."

"झिऱ्याचं आहे."

"कुनी आनलं?"

पारू दारातच उभी होती, खडीवर जायला पदर खोचून. आक्कानं मान तिच्याकडं वळवली.

"किती येळ लागतो गं एक कळशी भराया?"

"दोन तास. वाटीवाटीनं भरावं लागतं."

"आन् त्यातलं मला पाजलंस?"

"मग काय तहानलेली ठिवू?" पारू म्हणाली आणि निघून गेली. तिला उशीर झाला होता.

आक्कानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "बाई, दोर माझ्या उशाला हाय. पोहरा कनगीत, जवारीखाली." मी ती गोधडीची गुंडाळी सोडली. आत दोराचं वेटोळं होतं. दोन दिवस आम्ही त्याच दोरावर तिचं डोकं टेकवून तिला परक्या घरचं पाणी पाजलं होतं.

पुढचे दिवस तिच्या पायाला पुन्हा भिंगरी. अशक्तपणानं पाय लटपटत होते, तरी आडाभोवती घिरट्या. दोरीला दगड बांधून आत सोडायची, वर काढून ओली लांबी बघायची, पुन्हा सोडायची. मला वाटलं, झालं, बाई पुन्हा मूळपदावर आली. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या आदल्या दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पहिल्या दिवशी राहिली होती तशीच.

"बाई, घरोघर सांगून या. उद्या पहाटं आंगुळीला पानी न्या म्हनावं. घराला एक घागर."

मी चकितच झाले. तोंडातून निघून गेलं, "आणि मग उद्या काय प्यायचं?"

"उद्या दिवाळी हाय न्हवं," ती म्हणाली.

मग ती स्वतः भिंतीला वळसा घालून पारूच्या दारात गेली. मी मागोमाग. आत गेली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "पारे, पयला पोहरा तू काढायचा. तुज्याबिगर आड उघडायची न्हाई म्या."

पारूनं पदर डोळ्यांना लावला. "येते," एवढंच म्हणाली.

पहाटे कंदील घेऊन बाया आल्या. आक्काचा बेत बदलेल अशी सगळ्यांना भीती. पारूनं चाकावर दोर टाकला, पोहरा खाली गेला, भरल्याचा आवाज आला. आणि तेव्हा गोदाआक्का आडाशेजारच्या दगडावर बसली. शेवटची घागर भरेपर्यंत बसूनच होती. मी कळशी घेऊन रांगेत सगळ्यांच्या मागं उभी राहिले. तिनं पाहिलं, पण मला पुढं बोलावलं नाही. मला बरं वाटलं.

त्यानंतर दाराला कडी लागली नाही. आड माघापर्यंत पुरला. एका सकाळी पोहऱ्यात नुसता चिखल आला. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. आता आक्का "मी सांगत हुते" म्हणणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. तिनं तो चिखल लिंबाच्या रोपाला घातला. दुसऱ्या पहाटे घागर घेऊन पारूबरोबर ओढ्याला गेली. तिचा हात हळू चालायचा, घागर भरायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागे. झिऱ्यावरच्या बाया तिची घागर भरेस्तोवर थांबायच्या, असं पारू सांगायची.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात आडाला पुन्हा पाणी आलं. दसऱ्याच्या सुमाराला माझी काष्टीला बदली झाली. निघायच्या सकाळी ट्रंक बाहेर काढली, तर आक्का ओसरीवर दोर तळव्यांत धरून दाबून बघत होती. जित्याची खोड, ती कशी जाणार. मी विचारलं, "कोरडा आहे का, आक्का?"

"वला हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल पडला. "पारू पानी भरून गेली जनू."

तिनं दोर पुन्हा खुंटीला टांगला आणि माझ्यासाठी तांब्या भरून आणायला आत गेली.