फळ्यावर चढलेली बातमी

पत्रकार का व्हायचंय, असं नोझावा मिझुएला मुलाखतीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "ज्यांना आधी कळतं ते गप्प बसतात, म्हणून." हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी हसलो. मी दुसऱ्या पेपरचा, पण प्रांताच्या कचेरीतल्या वार्ताहरांच्या खोलीत आमची टेबलं शेजारीशेजारी.

मग तिनं वडिलांचं सांगितलं. ते नदीत उतरून मासे धरत होते. धरणाचं पाणी सोडायचं कचेरीत आदल्या दिवशीच ठरलं होतं. गावाला कुणी कळवलं नाही. आई आधीच गेलेली, तेव्हा पोर मामाकडे वाढली. मामाचं टोफूचं दुकान. सगळं काम घरच्या विहिरीच्या पाण्यावर. त्यानंतर मी हसलो नाही.

या सोमवारी तिनं बातमी हुडकून काढली. मामाच्या गावाच्या वरच्या अंगाला धातूला मुलामा देण्याचा कारखाना आहे, त्यातून विष झिरपतंय, विहिरींत उतरलंय. खात्री करायला ती पाणी खात्यातल्या तादोकोरोसाहेबांकडे गेली. साहेब गोड बोलले, चहा पाजला. आणि ती खोलीत परतायच्या आत आमच्या फळ्यावर कचेरीच्या माणसानं खडूनं लिहून ठेवलेलं: विहिरींचं पाणी, निवेदन शुक्रवारी.

संपलं. आमच्यात एकदा फळ्यावर चढलं की त्या वेळेआधी कुणी अक्षर छापायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. नियम आम्हीच केलेला, सगळ्यांना सारखी बातमी मिळावी म्हणून. मोडला तर पेपरच खोलीबाहेर. कचेरीला आयतं कुलूप मिळालं, आणि किल्ली आमच्याच खिशात.

तरी तिनं आपल्या पेपरला लिहून पाठवलं. संपादकाचा फोन आला. "वेडी झालीस का? पुढं निवडणुका आहेत. आपला माणूस खोलीत नको?"

"लोक पाणी पितायत, साहेब."

"चार दिवसांत काय मरतात का?"

मी म्हटलं, "नोझावा, काढ की शुक्रवारपर्यंत कळ."

"ओकुमुरासान, तुमचा मामा पितोय का?"

मेला तो फळा, पुसून टाकावासा वाटला. पण मीही उठलो नाही. आम्ही कुणीच उठलो नाही.

ती फोन घेऊन दाराबाहेरच्या जिन्यावर गेली. मामाला कमी ऐकू येतं, त्यामुळं तो फोनवर ओरडतो, अख्ख्या खोलीला ऐकू येतं. ही मात्र कुजबुजत होती.

"काय? मोठ्यानं बोल गं, जेवली नाहीस का?"

ती पुन्हा कुजबुजली. "ऐकू येत नाही, पोरी."

तिनं एकदा आमच्याकडं वळून पाहिलं. मग बेंबीच्या देठापासून ओरडली, "मामा, विहिरीचं पाणी पिऊ नकोस. टोफूही करू नकोस. विष आहे त्यात."

तादोकोरोसाहेब दारात येऊन उभे राहिले.

पलीकडून म्हातारा खो-खो हसला. "कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? मी तुझा पेपर रोज पहिल्या ओळीपासून वाचतो. तसं काही असतं तर तू छापलं नसतंस का? ठेव आता, गिऱ्हाईक आलंय."