आजोबांच्या घरगाडीची बॅटरी

तुमच्या मोटरहोमचा फोटो पोचला. आत ओटा, पलंग, फ्रिजसुद्धा! तशी एक गाडी आपल्याकडेही होती, नव्वदच्या दशकात, नवी मुंबईतल्या आमच्या सोसायटीत. तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर जुनी मिनीबस घेऊन पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तिच्यात पलंग, पंखा, दिवे बसवून घेतले. तिच्यातून कोकणात आपल्या आईकडे जायचं, हा बेत. पण निघण्याआधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द तोंडात अडकू लागले.

त्यांची आई, म्हणजे तुमची पणजी, गावी अंथरुणाला खिळली होती. "एकदा लेकाला बघू दे," एवढंच तिचं मागणं. ह्यांना तर आडवंच न्यावं लागणार होतं. डॉक्टर म्हणाले, अँब्युलन्स करा. ह्यांनी डावा हात पलंगावर आपटला. "आई... घाबरेल." खरंच होतं. खेड्यात दारात अँब्युलन्स उभी राहिली की माणसं आधी रडायला लागतात, मग आत बघतात. उरली ती खालची गाडी. डॉक्टर परवानगी देईपर्यंत ती चालू स्थितीत ठेवायची होती.

आणि तिची बॅटरी सारखी उतरायची. मेकॅनिकने दोनदा तपासली, दोष सापडला नाही. मग मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून चार्जरची वायर खाली सोडू लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हटकलं. "काकू, पोरं खेळतात इथे. कुणाला शॉक लागला तर?" त्यांचंही चूक नव्हतं. म्हणून मुलं शाळेत असताना वायर सोडायची आणि खाली खुर्ची टाकून राखण करायची. वर हे एकटे. काही लागलं की चमच्याने स्टीलचा पेला वाजवायचे. पेला वाजला की वायर काढून जिना चढायचा, आणि चार्जिंग अर्धवट. बॅटरीचं पाणी भरताना ॲसिड उडून माझ्या सुती साड्यांना भोकं पडली. ती रफू करतानाही मनात एकच, म्हातारी थांबेल का? रोज सगळं नेमाने करत होते, आणि रोज सकाळी बॅटरी पुन्हा मेलेली.

परवानगी मिळाली त्याच आठवड्यात एका पहाटे गावाहून फोन आला. आई अन्न घेत नाहीत, लगेच निघा. जवळच्या गावातला आमचा आगरी ड्रायव्हर रोज संध्याकाळी येऊन इंजिन चालवून बघायचा, तो धावत आला. ह्यांना चादरीच्या झोळीतून खाली आणून आतल्या पलंगावर निजवलं. त्याने किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक.

तेव्हा मला दिसलं. काचेजवळच्या इवल्याशा गणपतीमागे लाल बल्ब गाडीच्याच बॅटरीवर मिणमिणत होता.

"हा कुणी लावला?"

"मीच लावतंय, काकी. देवाला कालोखान कसा ठेवू?"

नवी बॅटरी आणायची तर दुकानं उघडायला अवकाश होता. मी सेक्रेटरींचं दार ठोठावलं. ते बनियनवरच शेजाऱ्यांना गोळा करून उतरले. फाटकापर्यंत ढकलूनही गाडी सुरू होईना, तेव्हा धापा टाकत म्हणाले, "काकू, तुमची वायरच परवडली!" उतारावर ती एकदाची धडधडली.

ड्रायव्हर म्हणाला, "आता वाटेन गारी बंद नाय करायची, काकी. बॅटरी कामातून गेली. बंद परली त परत चालू नाय व्हायची."

नाही केली. पंपावरचा माणूस शिव्या देत होता, तरी डिझेल चालू इंजिनातच भरलं. घाटात एका ट्रकमागे अडकलो आणि इंजिन आचके देऊ लागलं, तेव्हा मी डोळे मिटून ह्यांचा गार हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं.

घर आलं. गावातल्या शेजाऱ्यांनी ह्यांना झोळीतून आत नेऊन आईच्या बाजेलगत निजवलं. बाहेर इंजिन घरघरतच होतं. तिने हाडकुळा हात ह्यांच्या चेहऱ्यावरून फिरवला. ह्यांचे ओठ हलले, शब्द फुटेना.

ती माझ्याकडे वळून कडाडली, "सुनबाई, बाहेर कसली घरघर ती? बंद कर आधी! लेक काय बोलतो ते ऐकू येत नाही मला."

दारात उभा असलेला ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मी मान डोलावली. गाडी बंद झाली.