रहमतनं वाढवलेलं नोझल

मी रहमत. कळंबात फवारणीचे पंप दुरुस्त करतो. डोकं माहं तापट, अन् तोंड त्याच्याहून तिखट. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेलती, बोंडअळीनं सारे हैराण होते, अन् फवारणाऱ्या मजुराले घडीभर फुरसत नव्हती.

नागोराव त्यातलाच. पाठीवर पेट्रोलवर चालणारा पंप घेऊन दिवसभर दुसऱ्याच्या वावरात फवारायचा. "रहमतभाई, लवकर आटपन असं काही करा," म्हणाला. झालं, माह्यातला कारागीर जागा झाला. नोझलचं भोक ड्रिलनं मोठं केलं, इंजिनचा जोर वाढवला. उंच कपाशीसाठी नोझल वरतं धरलं का औषध त्याच्याच तोंडावर गळन, हे मले समजत नव्हतं काय? समजत होतं. पण शेखी मिरवायची होती ना.

तिसऱ्या दिवशी तो वावरातच पडला. ओकाऱ्या, अंग घामानं चिंब, हात थरथरत होते, डोळ्यांपुढं अंधार. औषध कातडीतून अंगात भिनलं होतं. मी दवाखान्यात गेलतो. डॉक्टर त्याच्या बायकोवर, कोकिळावर खेकसला, "दारू पिऊन फवारलं असेल." नागोराव दारूले शिवत नाही, मले पक्कं माहीत. पण खरं सांगतो तर दोष माह्या नोझलचा निघते. चहावाल्याशी रोज भांडणारा मी, तिथं खाली मान घालून उभा राह्यलो. अजून लाज वाटते.

जीव वाचला, नजर गेली. आता नुसतं धुरकट दिसते त्याले.

परवा कोकिळा तोच पंप घेऊन आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं नागोराव. त्याले दुकानासमोरच्या बाकावर बसवून म्हणाली, "भाऊ, आता मीच फवारीन. नीट करून द्या, पण नोझल तेच राहू द्या. काम लवकर होते."

मी ते नोझल काढून फेकलं, नवीन बसवलं. "याच्यानं वेळ लागन वहिनी, पण औषध अंगावर गळणार नाही."

नागोरावनं मान वर केली. "म्हणजे माह्या अंगावर त्याच्यानंच गळलं?"

"हो. मले माहीत होतं."

तो म्हणाला, "नजरेचं जाऊ द्या. गावात मले दारुडा म्हणतात, रहमतभाई. तेवढं तरी दवाखान्यात बोलायचं होतं."

मी दुकानाचं शटर ओढलं. म्हणालो, "चाला तुमच्या गावात. साऱ्यांसमोर सांगतो."

तो बाकावरून उठला नाही.

"आता कायले?" म्हणाला.