काकांचं निदान

“पोरीचं डोस्कं नाही दुखून राहिलं वहिनी, मोबाईल दुखून राहिला!”

काका जिन्यात उभे राहून आईला सांगत होते. वर मी पडदे ओढून, डोळ्यांवर ओली ओढणी घेऊन पडले होते. मोबाईल बंद करून उशीखाली टाकलेला. उजेडच सोसत नव्हता.

अकोटला आम्ही काकांच्या बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. काका आता नाहीत. पण सगळ्या दुखण्यांचं एकच निदान करणारे असे कोणी तुमच्याही गल्लीत असतीलच. आमचे काका कपाळावर दुपट्टा करकचून बांधायचे आणि गल्ल्यामागून निकाल द्यायचे. कोणाचं पोट बिघडलं? मोबाईल. कोणाची सून माहेरी गेली? मोबाईल.

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी आली. एक शेतकरी किडकं बोंड घेऊन दुकानात आला. “तुमचंच बियानं होतं, भाऊ.”

काकांनी बोंडाकडे पाहिलंही नाही. “रातभर व्हिडिओ पाहता, मंग वावराकडे कोन पाहीन?”

त्या बिचाऱ्याकडे मोबाईलच नव्हता.

बाबा मात्र काकांचं ऐकायचे. रविवारपासून माझा मोबाईल कुलपात ठेवायचं ठरलं. मला चारचौघांत बोलता येत नाही; टाइप करता येतं. अमरावतीच्या माझ्या मैत्रिणीलाही अर्धशिशी होती. डोकं ठणकू लागलं की मी तिला ‘आलं’ एवढंच लिहायची आणि मोबाईल बंद करायची. माझं दुखणं खरं मानणारी ती एकटीच होती.

रविवारी आईनं भरताची वाटी देऊन मला खाली पाठवलं. शटर अर्धं ओढलेलं. आत पोत्यांमागे, अंधारात, काका एका डोळ्यावर तळहात दाबून बसले होते.

“वाटी दूर ठेव, बाई. वास नको.”

मी ओळखलं. हळूच विचारलं, “कधीपासून?”

“पाचवीत होतो तवापासून. गोठ्यात अंधारात पडून राहो. माय म्हने, शाळा बुडवाचे धंदे.” त्यांनी दुपट्टा आणखी आवळला. “जाय आता.”

बाहेर पडताना मी शटर आवाज न करता खाली ओढलं.

संध्याकाळी बरं वाटताच काका वर हजर. कपाळावर दुपट्ट्याचा वळ तसाच.

“देऊन टाक बेटा. आमच्या लहानपनी हे दुखनंच नव्हतं.”

बाबांनी हात पुढे केला. मी मोबाईल त्यावर ठेवला. आता टाइप करायला हातात काहीच उरलं नव्हतं.

“काका,” मी म्हणाले, “पाचवीत तुम्ही गोठ्यात कोणता मोबाईल पाहत होतात?”